मासा मोठा, हौद केवढा?

मासे पाळायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेचे गोल भांडे आणि त्यात फिरणारे दोन लाल मासे येतात. शाळेच्या कपाटावर ते ठेवता येते, मुले पाणी बदलतात आणि काम भागते. पण मासा समुद्राचा असला, आणि तोही मोठा, तर त्याला पाणी किती लागेल? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर शोधण्यात माणसाची दोन हजार वर्षे गेली आहेत, आणि अजूनही ते पुरते हाती आलेले नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे प्रथम आला तो मालवणच्या बाजूला मी शिक्षक होतो तेव्हा. गावातल्या एका सधन गृहस्थांनी मुंबईहून खाऱ्या पाण्यातल्या माशांची पेटी आणून दिवाणखान्यात मांडली होती. पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले बोटाएवढे एक पिल्लू होते. दुकानदाराने त्याचे नाव पँथर ग्रूपर असे सांगितले होते. आपल्या हेकरूच्याच कुळातला हा मासा. दिसायला इतके गोजिरवाणे की सारा गाव पाहायला जाई. दोन-अडीच वर्षांनी मी वर्गातली मुले घेऊन गेलो, तेव्हा ते पिल्लू चांगले दीड फुटाचे झाले होते. मुले काचेला नाके लावून उभी राहिली. एका मच्छीमाराचा मुलगा मात्र मागेच राहिला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, ह्येका वळूक जागा खंय आसा?"

पाहिले तर खरेच. पेटीची रुंदी दीड फूट, मासा दीड फूट. वळताना त्याला शेपूट दुमडून घ्यावी लागत होती. गृहस्थांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता, मासा केवढा आहे? तो केवढा होणार आहे, हे विचारायचे राहून गेले होते. हा मासा पुरता वाढला म्हणजे सव्वादोन फुटांच्या पुढे जातो.

आता थोडे मागे जाऊ. प्राचीन रोममध्ये धनिकांना समुद्रकाठी मत्स्यतळी बांधण्याचे वेड होते. व्हॅरो नावाच्या विद्वानाने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात गुरे, कोंबड्या, मधमाश्या यांच्या जोडीला मत्स्यतळ्यांवरही लिहिले आहे. त्यात दोन ल्यूकलस बंधूंची हकीकत येते. मार्कसच्या तळ्यात भरती-ओहोटीचे पाणी नीट खेळत नसे. मासे साचल्या पाण्यात राहत, म्हणून जाणकार त्याच्या तळ्याला नावे ठेवीत. दुसरा भाऊ ल्यूशिअस. याने नेपल्सजवळ चक्क डोंगर फोडला आणि समुद्र आपल्या तळ्यात आणला, भरतीला पाणी आत आणि ओहोटीला बाहेर. लोकांनी त्याला 'झगा घातलेला झर्कसीज' असे चिडवले. झर्कसीज म्हणजे डोंगराच्या पायथ्याची जमीन खणून आरमारासाठी कालवा काढणारा इराणचा सम्राट. लोक हसले खरे, पण माशांच्या बाजूने पाहिले तर ल्यूशिअसचेच बरोबर होते. तळे केवढे आहे यापेक्षा त्यात पाणी किती वेळा नवे होते, हे त्याला कळले होते. त्याच काळातला प्रसिद्ध वक्ता हॉर्टेन्सिअस आपला पाळलेला मासा मेला तेव्हा रडला असे प्लिनी लिहितो. ज्याने जीव लावला त्याला रडावेसे वाटले, यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही.

त्यानंतरची शतके भराभर ओलांडू. मासे तळ्यात होते, पण वरून दिसत. बाजूने पाहायचे तर काच हवी, आणि काच महाग. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि काच मध्यमवर्गाच्या घरात आली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग मांडला. भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या कामी येतो आणि पाणी बराच काळ चांगले राहते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढल्या वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि साऱ्या देशाला समुद्र घरात आणण्याचे वेड लागले.

हे वेड टिकले नाही. कारण वॉरिंग्टनचा समतोल कोळंबी, शिंपले, समुद्रफुले यांच्यापुरता ठीक होता. हौशी लोक त्यात मोठे मासे घालू लागले. दोन दिवसांत पाणी गढूळ, चार दिवसांत दुर्गंध, आणि मग पेटी माळ्यावर.

शिक्षक बंधूंनी इथे फळ्यावर एक हिशेब मांडावा. मासा लांबीने दुप्पट झाला की तो वजनाने दुप्पट होत नाही. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडीही दुप्पट, म्हणजे वजन आठपट. बोटाएवढे चार इंचांचे पिल्लू दोन फुटांचे झाले तर लांबी सहापट, पण वजन सुमारे २१६ पट. खाणे आणि घाण अगदी त्याच पटीत वाढत नाहीत, थोडी कमी वाढतात, पण वाढ प्रचंडच. तेव्हा 'एका इंचाच्या माशाला एक गॅलन पाणी' असा जो हिशेब पुष्कळ ठिकाणी सांगतात, तो बारीक माशांपुरता आहे. मोठ्या माशाला तो लावणे म्हणजे कोंबडीच्या खुराड्याच्या मापाने गोठा बांधणे.

हे ज्याने व्यवहारात ओळखले तो विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड. हा मूळचा बुकबाइंडर. पुढे त्याने लंडनमध्ये मत्स्यपेट्यांचे दुकान काढले, आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले मोठे मत्स्यालय त्याच्या योजनेने उभे राहिले. त्याची युक्ती लोकांना दिसत नसे, कारण ती जमिनीखाली होती. वर मासे दाखवण्याच्या हौदांत मिळून पाणी होते सुमारे २०,००० गॅलन. खाली अंधाऱ्या टाकीत साठवले होते १,००,००० गॅलन, म्हणजे पाचपट. वाफेचे पंप रात्रंदिवस खालचे पाणी वर चढवीत, वरचे खाली सोडीत, आणि वाटेत त्यात हवा मिसळे. काचेआड दिसणारा मासा एका लहान खोलीत राहत होता, पण श्वास घेत होता सहापट पाण्यात. गावच्या भाषेत सांगायचे तर वर डोणी लहान, पण तिच्या पाठीशी विहीर. मला विचाराल तर मत्स्यालयांच्या साऱ्या इतिहासात याहून शहाणी कल्पना दुसरी नाही. आजही चांगल्या पेटीखाली कपाटात दुसरी टाकी दडवलेली असते, ती लॉइडच्या तळघराचीच नात.

दुसऱ्याच वर्षी ब्रायटनला समुद्रकाठी मत्स्यालय उघडले. त्यातला एक हौद शंभर फुटांहून लांब होता आणि त्यात १,१०,००० गॅलन, म्हणजे सुमारे ५ लाख लिटर पाणी मावे. त्या काळी ही मोठीच मजल. नेपल्सला आन्टोन डोर्न याने संशोधनकेंद्राला जोडून १८७४ मध्ये मत्स्यालय उघडले. आपल्या देशात मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये समुद्री मत्स्यालय सुरू झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. त्याला आठ लाखांच्या आसपास खर्च आला, त्यातले दोन लाख तारापोरवाला यांच्या देणगीचे. घाटावरच्या किती मुलांनी समुद्राचा जिवंत मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला असेल!

आता पाण्याच्या आतले थोडे पाहू. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो विषारी. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत, दगडांवर वस्ती करतात. शेतकरी बंधूंना हे नवे नाही, कारण शेतात टाकलेल्या शेणखताचे आणि युरियाचे पिकाला घेता येईल असे अन्न करणारे जिवाणू याच जातकुळीचे. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मोठा मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे. दुसरी गोष्ट प्राणवायूची. खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा कमी विरघळतो, जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. पाणी तापले की आणखी कमी. तेव्हा आपल्या उष्ण देशात समुद्राचा मोठा मासा पाळणारा आधीच काठावर उभा असतो.

मालवणच्या त्या गृहस्थांचा मासा असाच गेला. मृगाच्या पहिल्या वादळात रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. पेटीत पाणी १९० लिटरच्या आसपास. पहाटे वीज आली तेव्हा मासा आडवा झालेला होता. तेच पाणी दीड-दोन हजार लिटर असते तर तो सकाळ पाहता. मोठ्या हौदाने आपल्याला पाण्यापेक्षाही मोलाची वस्तू मिळते, आणि ती म्हणजे चूक दुरुस्त करायला वेळ. गृहस्थ भले होते. दोन दिवस जेवले नाहीत असे त्यांच्या घरून कळले. मला हॉर्टेन्सिअस आठवला.

मग नुसते पाणी वाढवले की झाले का? तसेही नाही. पाकट, हेकरू, वाम हे मासे तळाशी किंवा कपारीत तासन्‌तास बसू शकतात. न पोहताही ते पाणी कल्ल्यांवरून नेतात. त्यांना तळ प्रशस्त हवा, लपायला जागा हवी, खोली थोडी कमी चालते. रोमच्याच कोलुमेला नावाच्या लेखकाने चपट्या माशांसाठी दोनेक फूट खोलीचे तळे सांगितले आहे ते याच समजुतीने. उलट कुपा-गेदर आणि कित्येक मोठ्या मुशी! यांना थांबणे ठाऊकच नाही. तोंड उघडे ठेवून पुढे पोहत राहिले तरच कल्ल्यांवरून पाणी जाते. थांबले की गुदमरले. अशा माशाला कोपरा म्हणजे फास. म्हणून मोठ्या मत्स्यालयांनी कोपरेच काढून टाकले.

याची मोठी सुरुवात १९३८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मरीन स्टुडिओज येथे झाली. पाण्याखालचे चित्रपट घेण्यासाठी ही जागा बांधली होती. ती उभारणाऱ्यांत टॉलस्टॉयचा नातू इल्या टॉलस्टॉय हाही होता. तिथे सुमारे शंभर फूट लांबीचा एक हौद आणि ७५ फूट व्यासाचा एक गोल हौद बांधला, आणि वेगवेगळ्या जातींचे जीव एकाच पाण्यात ठेवले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाने १९७७ मध्ये बांगडीसारखा वाटोळा हौद केला, मासे भोवती फिरणार आणि माणसे मध्ये उभी राहणार. १९८० मध्ये त्यात एक पांढरी मुशी, म्हणजे ग्रेट व्हाइट शार्क, ठेवली. ती एकाच जागी पुनःपुन्हा अडखळू लागली. शोध घेता तिथे अतिशय क्षीण विद्युत्‌प्रवाह सापडला, इतका क्षीण की माणसाला कळूही नये. मुशीच्या नाकाशी असलेल्या इंद्रियांना तो कळत होता. काही दिवसांतच तिला समुद्रात सोडून दिले.

जपानमध्ये टोकियोच्या समुद्री उद्यानात १९८९ पासून कुप्यांसाठी २,२०० टन पाण्याचा वाटोळा हौद आहे. पंचवीस वर्षे तो जगभर नावाजला गेला. २०१४ च्या अखेरीस त्यातले मासे मरू लागले, आणि मार्च २०१५ मध्ये दीडशेहून अधिक माशांपैकी एकच उरला. एक निश्चित कारण हाती लागले नाही. पुढे नवे मासे आणून तो पुन्हा भरला.

भिंतीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण घरी टाकी बांधणारे इथेच फसतात. पाण्याचा दाब खोलीवर असतो, लांबीरुंदीवर नाही. सहा फूट पाणी अडवायला जेवढी भक्कम भिंत लागते, तेवढीच मागे तळे असो की समुद्र असो. खोली दुप्पट केली की भिंतीच्या प्रत्येक फुटावरचा भार चौपट होतो, म्हणूनच धरण पायाशी रुंद बांधतात. काचेचे हौद फार खोल होईनात ते यामुळे. अ‍ॅक्रिलिक आले आणि हे बंधन सैल झाले. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात २००२ मध्ये कुरोशिओ नावाचा हौद उघडला, तो ३५ मीटर लांब, २७ मीटर रुंद, १० मीटर खोल. त्याची पारदर्शक भिंत ८ मीटरहून उंच, साडेबावीस मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या भिंतीएवढी जाड, पण आरपार दिसणारी! त्यात व्हेल शार्क पोहतात. अमेरिकेतल्या अटलांटाला २००५ मध्ये उघडलेल्या हौदात तर सुमारे २ कोटी ३८ लाख लिटर पाणी आहे.

पण पाहा, त्याच चुराउमीत जानेवारी २०१६ मध्ये साडेतीन मीटरची पांढरी मुशी आणली, ती तीन दिवसांत मेली. त्याआधी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बे मत्स्यालयाने २००४ मध्ये एक लहान पांढरी मुशी १९८ दिवस जगवून दाखवली होती. त्यांनी तिला पकडल्यावर लगेच काचेआड नेले नाही. आधी समुद्रातच मोठ्या जाळ्याच्या कुंपणात ठेवली, खाऊ लागली तेव्हा सुमारे ३८ लाख लिटरच्या हौदात आणली. वाढू लागल्यावर तिने सोबतच्या दोन मुशी मारल्या. मग तिला समुद्रात सोडले. २०११ पर्यंत त्यांनी एकूण सहा मुशी अशा ठेवल्या. शेवटची सोडल्यावर थोड्याच काळात मेली, आणि त्यांनी हा उद्योग बंद केला. आपला हौद एवढ्या माशाला पुरत नाही असे स्वतः ठरवणारे मत्स्यालय मला सर्वांत मोठे वाटते.

आता कुणी विचारील, आम्हाला शाळेत किंवा घरी ठेवायचे तर माप काय? पाळणाऱ्यांचा अनुभव असा की मासा पुरता वाढल्यावर केवढा होईल ते आधी शोधावे आणि टाकीची रुंदी त्या लांबीपेक्षा निदान दीडपट धरावी, म्हणजे तो शेपूट न दुमडता वळेल. लांबी चार-पाच पटींच्या खाली नको. सतत पोहणाऱ्याला त्याहून बरीच अधिक. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत ६८० लिटर पाणी मावते. नुसते खारे पाणीच सुमारे ७०० किलो, म्हणजे सात क्विंटल. काच, वाळू, दगड वेगळे. माडीवर ठेवणार असाल तर आधी गवंड्याला विचारा! आणि एवढी टाकीसुद्धा फूट-सव्वा फुटाच्या माशापुरतीच. त्या पँथर ग्रूपरला ती पुरली नसती.

मासा गेल्यावर आम्ही शाळेच्या पटांगणात चुन्याने हे आकडे आखून पाहिले. आधी गृहस्थांच्या पेटीचा चौकोन, मग सहा फुटांचा, मग सव्वादोन फुटी माशाला हवी होती ती अकरा फुटांची टाकी. शेवटी कुरोशिओचा हौद आखायला घेतला. जवळजवळ ११५ फूट लांब आणि ८८ फूट रुंद. पटांगण संपले, रेघ कुंपणाबाहेर गेली. मुलांना फार मजा वाटली.

'वळूक जागा खंय' विचारणारा तो मुलगा आता स्वतःच्या होडीवर जातो. व्हेल शार्कला आपल्या देशात २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. गुजरातच्या मच्छीमारांनी पुढे 'व्हाली', म्हणजे लाडकी लेक, म्हणून ती जाळ्यातून सोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर त्याची भरपाई देण्याची सरकारी योजना आली. मागे एका हंगामात त्याच्या जाळ्यात एक व्हेल शार्क अडकली. त्याने जाळे कापले. मला सांगायला आला तेव्हा जाळ्याच्या नुकसानीविषयी फारसे बोलला नाही. आपल्या होडीला लावून तिचे माप घेतले होते, तेच पुनःपुन्हा सांगत होता. होडी बावीस फुटांची, आणि ती होडीपेक्षा हातभर लांब.